क्षमा करायला देवाला रक्त का लागले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देव प्रेमळ आणि सर्वसमर्थ आहे, तर ‘जा, तुला माफ केले’ एवढे म्हणून त्याचे का भागले नाही? मध्ये बळी, रक्त आणि वधस्तंभ कशासाठी? आणि एकाच्या पापासाठी दुसऱ्या निरपराध माणसाने मरायचे, याला न्याय कसे म्हणायचे?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी पाळक म्हणून नुकताच सेवेला लागलो होतो. पाठ केलेले उत्तर देऊन मी मोकळा झालो: देव न्यायी आहे, पापाचे वेतन मरण आहे, ती शिक्षा येशूने आपल्या जागी घेतली, हिशेब मिटला. या उत्तरातली प्रत्येक गोष्ट बायबलमध्ये दाखवता येते. तरीही तीस वर्षे मंडळीत आणि बायबलच्या वर्गांत हा विषय शिकवल्यावर आज मला वाटते की ते उत्तर चुकीच्या टोकाकडून सुरू होते. बळी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊकच आहे असे ते धरून चालते, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. बळी म्हटले की डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. वर कोणीतरी रागावलेला आहे, खाली माणूस घाबरलेला आहे, आणि काहीतरी मोलाचे देऊन तो त्या रागावलेल्याची मर्जी राखतो आहे. हे चित्र मनात घेऊन वधस्तंभाकडे पाहिले तर देव क्रूर दिसणारच. म्हणून आधी ते चित्र तपासू या.

त्यासाठी लेवीय या पुस्तकात शिरावे लागते. बायबल पहिल्यापासून वाचायला घेतलेले बहुतेक जण इथेच अडखळतात आणि सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण नव्या करारातली निम्मी भाषा या पुस्तकातून आली आहे. पहिल्या सात अध्यायांत पाच अर्पणे आहेत: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. अन्नार्पण पिठाचे असते, त्यात प्राणीच नाही. शांत्यर्पण ही जवळजवळ मेजवानी आहे; त्यातले मांस अर्पण करणाराच आपल्या माणसांसोबत बसून खातो. पापनिवारण हाच मुख्य हेतू असलेली अर्पणे म्हणजे शेवटची दोन. तेव्हा बळी म्हणजे शिक्षा हे समीकरण पहिल्याच पानांवर टिकत नाही.

आता पापार्पणाचा विधी जवळून पाहा. चौथ्या अध्यायात साध्या माणसाचे उदाहरण आहे. त्याच्या हातून नकळत पाप घडले, नंतर ते त्याला कळले. तो एक निर्दोष बकरी घेऊन दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी येतो. तिच्या डोक्यावर हात ठेवतो. आणि पुढचे वाक्य वाचताना माझे लक्ष दर वेळी तिथेच खिळते: तिला कापतो तो स्वतः. तो काही प्रेक्षक म्हणून उभा नसतो. सुरी त्याच्या हातात असते, त्या जनावराची धडपड त्याच्या हाताला जाणवते. याजकाचे काम त्यानंतर सुरू होते. तो बोटाने थोडे रक्त घेऊन वेदीच्या शिंगांना लावतो, उरलेले वेदीच्या पायाशी ओततो, चरबी जाळतो. आणि मांस? सहावा अध्याय सांगतो की ते परमपवित्र आहे, याजकांनी ते पवित्र जागी खावे.

इथे थोडे थांबा. माणसाचे पाप त्या बकरीत शिरले आणि तिला त्याची शिक्षा म्हणून मारले, असे असते तर ते मांस सर्वांत अपवित्र ठरले असते. ते खायला सांगणे तर सोडाच, कोणी त्याला हातही लावला नसता. प्रत्यक्षात त्या मांसाला जो शिवेल तो पवित्र होईल असे तिथे म्हटले आहे. त्या विधीत मारण्याच्या क्रियेवर भर नाही. भर आहे रक्त कुठे लावले जाते यावर. रक्त म्हणजे जीवन, आणि पापाने जे विटाळले ते जीवनाने धुतले जाते, असा त्यामागचा विचार आहे. सतराव्या अध्यायातले अकरावे वचन या सगळ्याची किल्ली आहे: शरीराचे जीवन रक्तात असते, आणि तुमच्या जिवांबद्दल वेदीवर प्रायश्चित्त करण्यासाठी मी ते तुम्हांला दिले आहे. ‘मी दिले आहे’ हे शब्द मी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो. बळी माणसाने देवाला दिला असे आपण समजतो. देव म्हणतो की हे साधन मीच तुमच्या हाती ठेवले. माणसाने मर्जी राखण्यासाठी शोधलेली युक्ती आणि दुखावलेल्या देवाने स्वतः उघडून दिलेली परतीची वाट, यांतला हा फरक पुढे वधस्तंभापर्यंत जातो.

आपल्या भाषेचीही इथे अडचण आहे. प्रायश्चित्त हा शब्द आपण ‘घेतो’ किंवा ‘करतो’. ज्याने चूक केली त्याने स्वतःला काही दंड लावून घ्यायचा, असा त्याचा रूढ अर्थ. मराठी बायबलने हाच शब्द स्वीकारला, आणि दुसरा इतका जवळचा शब्द होताही कुठे? पण मूळ हिब्रू क्रियापद ‘किप्पेर’ याचा अर्थ झाकणे, पुसून काढणे, शुद्ध करणे या बाजूचा आहे. त्यात सोसण्यापेक्षा स्वच्छ होण्याची छटा अधिक आहे. शिवाय गरिबाची सोय पाहा. पाचव्या अध्यायात काही पापांबाबत म्हटले आहे की मेंढी परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावीत, तेही जमत नसेल तर एफा या जुन्या मापाचा दहावा भाग सपीठ आणावे. मूठभर पीठ वेदीवर जळते आणि तिथेही तीच ओळ येते: त्याची क्षमा होईल. ‘रक्त ओतल्यावाचून पापांची क्षमा होत नाही’ हे नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातले वाक्य आपण नेहमी अर्धेच उद्धृत करतो. त्याच वचनाच्या सुरुवातीला ‘बहुतेक’ हा शब्द आहे. लिहिणाऱ्याला ते पीठ ठाऊक होते, असे मला वाटते.

आता प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर. सातव्या महिन्याचा दहावा दिवस. लेवीयचा सोळावा अध्याय. प्रमुख याजक वर्षातून या एकाच दिवशी पडद्याआड परमपवित्रस्थानात, म्हणजे सर्वांत आतल्या दालनात, जातो. दोन बकरे आणले जातात आणि त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकल्या जातात. एक परमेश्वरासाठी, दुसरा अजाजेलासाठी (रानाशी जोडलेले एक नाव). पहिल्याचा वध होतो, त्याचे रक्त आत नेऊन कराराच्या कोशावरच्या दयासनावर, म्हणजे त्या पवित्र पेटीच्या झाकणावर, आणि त्याच्यासमोर शिंपडले जाते. दुसऱ्याच्या डोक्यावर प्रमुख याजक दोन्ही हात ठेवतो, लोकांची सगळी पापे मोठ्याने कबूल करून त्याच्या माथी घालतो, आणि एक माणूस त्याला रानात नेऊन सोडतो.

मराठीत आपण ‘बळीचा बकरा’ म्हणतो तेव्हा दुसऱ्याचे खापर डोक्यावर घेऊन मारला जाणारा बिचारा आपल्या मनात असतो. या अध्यायात मात्र ज्याच्या डोक्यावर पापे ठेवली तो बकरा मारला जातच नाही, तो जिवंत निघून जातो. आणि ज्याला मारले त्याच्या डोक्यावर कोणी पापे ठेवली असे तिथे म्हटलेलेच नाही. एकाचे रक्त देवाचे घर शुद्ध करते, दुसरा पाप वाहून नजरेआड नेतो. दोन वेगळ्या कृती, दोन वेगळे प्रश्न: जे मळले ते स्वच्छ कसे होणार, आणि जे साठले ते जाणार कुठे? मी हा अध्याय शिकवतो तेव्हा लोक शांत होतात. बहुतेकांच्या मनात हे दोन बकरे मिसळून एकच झालेले असतात, आणि त्या मिसळण्यातूनच ‘देवाला कोणालातरी मारायचेच होते’ ही कल्पना तयार होते.

एवढे असूनही ही व्यवस्था पुरी पडत नव्हती, आणि हे सांगण्यात जुना करारच पुढे आहे. गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे, हात उगारून, जाणूनबुजून केलेल्या पापासाठी बळीची तरतूदच नाही. राजा दावीद एका स्त्रीचे घर उद्ध्वस्त करतो, तिच्या नवऱ्याला मारवतो, आणि त्याच्या नावाने असलेल्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात म्हणतो की तुला यज्ञ आवडत असता तर मी तो दिला असता. भग्न आणि अनुतप्त हृदय हाच तुझा यज्ञ. संदेष्टा होशेय म्हणतो की देवाला यज्ञ नको, दया हवी. संदेष्टा मीखा तर विचारतो, मी माझ्या पापासाठी माझा पहिला मुलगा देऊ का? आणि उत्तर येते की नीतीने वाग, दयेची आवड धर, आपल्या देवाबरोबर नम्रपणे चाल. नरबळीबद्दल संदेष्टा यिर्मया लिहितो की ही गोष्ट देवाच्या मनातही आली नव्हती. ‘देवाला माणसाचा बळी हवा होता’ असे ज्यांना वाटते त्यांनी हे आधी वाचावे. इ. स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडल्यावर यहुदी धर्माने बळींशिवाय प्रार्थना, अनुताप आणि दानधर्म यांवर स्वतःला सावरले. त्याचा आधार होशेयाचेच हे वचन होते. हे मी आदराने लिहितो आहे. त्यांचा ग्रंथ आपण वाचतो आणि त्यांना विसरतो, हे आपल्याकडून फार वेळा झाले आहे.

ख्रिस्ती वाट इथून वेगळी होते. येशू मरण पावला तो योम किप्पूरच्या दिवशी नव्हे, वल्हांडणाच्या सणात. यरुशलेमला जाण्याची वेळ त्याने निवडली होती, म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वल्हांडणाचे कोकरू पापार्पण नव्हते. मिसरच्या गुलामीतून बाहेर पडण्याच्या रात्रीचे ते भोजन, आणि त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावायचे. त्या सणातल्या शेवटच्या भोजनात येशूने प्याला हातात घेऊन ‘हे माझे कराराचे रक्त’ म्हटले. हे शब्द सीनाय पर्वताशी मोशेने लोकांवर रक्त शिंपडले त्या प्रसंगाचे आहेत. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय त्याला जोड देतो: ‘पापांच्या क्षमेसाठी’. म्हणजे सुटका, करार आणि शुद्धी हे तीन धागे येशूने स्वतःच्या मरणाभोवती एकत्र वळले. त्यांच्या जागी फक्त न्यायालयाची भाषा धरली की हे तिन्ही निसटतात, आणि उरते ते कोरडे गणित.

प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात वापरलेला ग्रीक शब्द ‘हिलास्तेरिओन’ याच ठिकाणी समजतो. त्यावर विसाव्या शतकात विद्वानांची मोठी झटापट झाली. चार्ल्स डॉड यांचे म्हणणे, यात पाप पुसण्याचा अर्थ आहे. लिऑन मॉरिस यांचे, यात देवाचा क्रोध शांत होण्याचाही अर्थ आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, कारण पौलाने त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात क्रोधाचा विषय काढला आहे आणि तो वगळून चालणार नाही. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती साधी गोष्ट. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हाच शब्द दयासनासाठी येतो. पडद्याआड, वर्षातून एकदा एकाच माणसाला दिसणारी ती जागा देवाने येशूच्या रूपात सगळ्यांपुढे उघड्यावर मांडली, असे पौल म्हणतो. आणि क्रियापदाचा कर्ता पाहा: देवाने मांडली. लेवीयमधले ‘मी दिले आहे’ इथे पुन्हा ऐकू येते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. नुसते ‘माफ केले’ म्हणून का भागले नाही?

याचे उत्तर मला पुस्तकाने दिले नाही, आमच्या मंडळीतल्या एका वयस्क बाईंनी दिले. वडील गेल्यावर त्यांच्या सख्ख्या भावाने कागदांवर त्यांची सही घेऊन त्यांचा वाटा स्वतःच्या नावावर करून घेतला होता. बारा वर्षांनी तो आजारी आणि कर्जबाजारी होऊन त्यांच्या दारात आला. वाटा केव्हाच विकून संपला होता. बाईंनी त्याला आत घेतले, जेवायला वाढले आणि म्हणाल्या, ‘मी तो विषय सोडला.’ काही दिवसांनी मी त्यांना म्हटले, बाई, तुम्ही किती सहज माफ केलेत. त्या जवळजवळ चिडल्याच. ‘सहज? माझे घर गेले ते गेलेच ना? मी भाड्याच्या खोलीत राहते ती राहतेच. त्याने भरायचे होते ते मी भरले, एवढाच फरक.’

मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. कर्ज माफ होते तेव्हा ते हवेत विरून जात नाही; ज्याने माफ केले त्याच्या खात्यावर तो तोटा बसतो. लहानसहान गोष्टींत हे जाणवत नाही, म्हणून क्षमा फुकट असते असे आपल्याला वाटते. विश्वासघात, खून, बलात्कार, एखाद्या पूर्ण समाजावर पिढ्यान्‌पिढ्या केलेला अन्याय, अशा गोष्टींपुढे ‘जा, माफ केले’ हे वाक्य उभेच राहू शकत नाही. तिथे देवाने खांदे उडवून ‘असू दे’ म्हटले असते, तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी अशा देवाला काय म्हटले असते? वधस्तंभाबद्दल माझा विश्वास असा आहे की पापाची जी किंमत होती ती देवाने दुसऱ्या कोणाकडून वसूल केली नाही, स्वतःवर घेतली. वडिलांच्या मालमत्तेतला वाटा उधळून परतलेल्या मुलाला बाप धावत जाऊन जवळ घेतो, त्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात बळी कुठे आहे, असे मला कायम विचारले जाते. बळी नाही, खरे आहे. पण उधळलेली मालमत्ता कोणाची गेली? आणि सगळ्या गावादेखत धावत सुटून स्वतःची प्रतिष्ठा कोणी घालवली? त्या बापाने.

दुसरा प्रश्न, निरपराध माणसाला शिक्षा, अधिक अवघड आहे आणि तो उडवून लावू नये. तो बायबलमध्येच आहे. संदेष्टा यहेज्केल आपल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात सांगतो की जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही. इ. स. चौथ्या शतकात नाझियान्झसचे धर्मगुरू ग्रेगरी यांनी पुनरुत्थानाच्या सणावरील प्रवचनात विचारले होते की हे रक्त दिले कोणाला? सैतानाला म्हणावे तर ती लाजिरवाणी गोष्ट. पित्याला म्हणावे तर ज्याने अब्राहामाकडून इसहाकसुद्धा घेतला नाही, त्याच्या जागी मेंढा दिला, त्याला स्वतःच्या पुत्राच्या रक्तात आनंद कसा? बाराव्या शतकात धर्मपंडित पीटर अबेलार्ड यांनी रोमकरांस पत्रावर भाष्य लिहिताना जवळजवळ तुमच्याच शब्दांत विचारले की निरपराधाचे रक्त किंमत म्हणून मागणे किती क्रूर आहे. तुम्ही विचारता आहात म्हणून तुमची श्रद्धा कच्ची आहे असे कोणी म्हणाले असेल, तर ही नावे लक्षात ठेवा.

माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग: वधस्तंभावर देव, येशू आणि पापी असे तीन वेगळे पक्ष नाहीत. रागावलेला पिता एका बाजूला आणि मध्ये पडणारा प्रेमळ पुत्र दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी केली की त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच देव असल्याचा, सिद्धान्त मोडतो आणि उरते ती एका क्रूर घराची गोष्ट. प्रवचनांत रेल्वेच्या पुलाची एक कथा फार सांगितली जाते: पूल चालवणाऱ्याचा मुलगा यंत्रात अडकतो, गाडी जवळ येते, आणि प्रवाशांना वाचवण्यासाठी बाप कळ दाबतो. लोक रडतात. मी ती कथा सांगणे केव्हाच सोडून दिले. त्या मुलाला काहीच ठाऊक नाही, त्याची संमती कोणी घेतलेली नाही, आणि बाप परिस्थितीपुढे हतबल आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू नेमके उलटे म्हणतो: माझा जीव कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊनच तो देतो. आणि पौल म्हणतो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. न्यायाधीशाने रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला पकडून फासावर दिले असते तर तो अन्यायच. इथे ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तोच भार उचलतो आहे.

दुसरा भाग: ख्रिस्त ‘आमच्या जागी’ मेला हे अर्धेच वाक्य आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की एक सर्वांसाठी मेला, म्हणून सर्व मेले. आपण अपेक्षा करतो ‘म्हणून बाकीचे वाचले’ अशी. बाप्तिस्म्याबद्दल लिहितानाही तो हेच सांगतो: आपण त्याच्यासह पुरले गेलो, त्याच्यासह उठलो. तो माझ्याऐवजी मेला म्हणून मी होतो तसाच राहिलो, असा हा सौदा नाही. तो मला सोबत घेऊन त्या मरणातून पलीकडे गेला. पापाचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर टाकण्यापेक्षा लग्नानंतर दोघांचे देणे-घेणे एक होते, त्याच्याशी याचे साम्य जास्त आहे. धर्मसुधारक ल्यूथर यांनी 1520 साली हाच विवाहाचा दृष्टान्त वापरला होता: आत्म्याचे पाप ख्रिस्ताचे होते, ख्रिस्ताची नीतिमत्ता आत्म्याची होते.

इतिहासातल्या उपपत्ती थोडक्यात सांगतो, कारण त्यांची नावे पाठ करून फार काही हाती लागत नाही. पहिल्या हजार वर्षांत सैतान, पाप आणि मरण यांच्यावर ख्रिस्ताने मिळवलेला विजय आणि बंदिवानांची सुटका या भाषेचा जोर होता. ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही पुनरुत्थानाच्या रात्री ‘मरणाने मरणाला तुडवले’ असे गातात. कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी 1098 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पापाला देवाच्या सन्मानाचे देणे मानले. त्यांच्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा: त्यांच्या मते भरपाई आणि शिक्षा हे दोन वेगळे पर्याय होते, आणि ख्रिस्ताने भरपाई केली म्हणून शिक्षेची गरज उरली नाही. शिक्षाच त्याने भोगली, ही मांडणी सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी, विशेषतः कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कॅल्विन यांनी, ठळक केली. अबेलार्ड यांनी भर दिला तो आपल्यात प्रेम पेटवणाऱ्या प्रेमावर. कॅथलिक मंडळीने 1562 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत सांगितले की मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची उपासना, हा त्याच एका बळीचे रक्तहीन अर्पण आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी ‘एकदाच’ या शब्दावर बोट ठेवून ते नाकारले. इतके सगळे असूनही प्राचीन सात सार्वत्रिक धर्मसभांपैकी एकीनेही यांतली एक उपपत्ती सर्वांवर बंधनकारक केली नाही. 381 च्या विश्वासांगीकारात ‘आमच्यासाठी वधस्तंभावर खिळला गेला’ एवढेच आहे. ‘कसे’ यावर तो गप्प आहे, आणि त्या गप्प राहण्याबद्दल मी कृतज्ञ आहे. दंडाची भाषा मी टाकून देत नाही. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला ‘आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला’ हा शब्द तिथे आहेच. मात्र तीच एक भाषा उरली की ती बिघडते.

बिघडते म्हणजे काय, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत एक स्त्री माझ्याकडे आली. नवरा मारत असे. मी तिला म्हटले, ख्रिस्ताने सोसले, तूही सोस, तुझ्या सोसण्याने तो बदलेल. ती परत गेली. पुढच्या वेळी मी तिला भेटलो तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता आणि ती माझ्याशी बोलली नाही. त्या सल्ल्याला मी बायबलचा आधार समजत होतो. इब्री लोकांस पत्रात ‘एकदाच’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो: ख्रिस्ताने एकदाच अर्पण केले, यापुढे पापासाठी अर्पण नाही. याचा सरळ अर्थ असा की आता कोणाच्याही पापासाठी दुसऱ्या कोणी बळी जायचे नाही. बायकोने नाही, मुलाने नाही, दुबळ्याने नाही. ज्या शब्दाने तिला मोकळे करायला हवे होते, त्याच शब्दाने मी तिला बांधून घातले. नंतर मी तिच्याकडे जाऊन माफी मागितली. आज असे कोणी माझ्याकडे आले तर आधी सुरक्षित जागा, मग डॉक्टर आणि पोलीस, आणि वचने त्यानंतर.

शेवटी, तुम्ही विचारले नाही पण वर्गात दर वेळी निघते ते: देवानेच सगळे केले तर आपण काहीच द्यायचे नाही का? इथे दोषार्पणाकडे परत जातो. लेवीयच्या सहाव्या अध्यायात, ज्याने शेजाऱ्याला फसवले त्याने मूळ रक्कम आणि तिच्यावर पाचवा हिस्सा त्या शेजाऱ्याला आधी परत द्यायचा, आणि मग मेंढा घेऊन याजकाकडे यायचे. वेदीची वाट शेजाऱ्याच्या दारावरून जाते. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या जिवाला जो शब्द लावला आहे तो हाच, दोषार्पण, ‘आशाम’. म्हणजे मोडलेले भरून काढणारे अर्पण. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तारण ‘मिळवण्यासाठी’ चौपट परत देत नाही. येशू त्याच्या घरी उतरतो आणि मग ते पैसे त्याच्या हातात राहवत नाहीत.

काही वर्षांपूर्वी हा धडा झाल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. एका दुकानात हिशेब लिहिताना त्यांनी बऱ्याच वर्षांत थोडी थोडी रक्कम बाजूला काढली होती. कोणाला कळले नव्हते. आठवडाभर त्यांनी जुन्या वह्या काढून बेरीज केली, तिचा पाचवा हिस्सा वर घातला आणि मला सोबत यायला सांगितले. मालकाने मूळ रक्कम मोजून घेतली, त्यांना बरेच काही सुनावले, आणि त्यांनी ते ऐकून घेतले. मग दुसरे पाकीट हातात धरून मालक तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘हे कशाचे?’